चादर किती वेळा खळबळायची? भूमिती श्रेढीचं सूत्र असं मांडा

ओली सोलापुरी चादर पिळायला दोन माणसं लागतात. त्यात इथे नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे धुताना हिशेब आलाच. समजा, खळबळायला 24 लिटर पाणी आहे. ते एकदम वापरायचं की 8-8 लिटर तीनदा?

आधी आकडे लिहून काढा. साबण लावून पिळलेल्या चादरीत 2 लिटर पाणी उरलं आणि त्यात 50 ग्रॅम साबण आहे असं धरू. त्यात 8 लिटर स्वच्छ पाणी घातलं की झालं 10 लिटर. पुन्हा पिळल्यावर त्यातलं 2 लिटर उरतं, म्हणजे साबणही पाचवा हिस्साच उरतो. दर वेळी हेच. म्हणून 50, 10, 2, 0.4.

मग भागाकार करा. प्रत्येक पदाला आधीच्या पदाने भागा. 10 ÷ 50, 2 ÷ 10, 0.4 ÷ 2, सगळीकडे 1/5. हे सामाईक गुणोत्तर. ते सगळीकडे सारखंच असेल, तर त्या आकड्यांच्या ओळीला भूमिती श्रेढी म्हणतात. ते बदलत असेल तर ही भूमिती श्रेढी नाही, सूत्राच्या मागे लागू नका. (हात दमले आणि चादरीत 3 लिटर पाणी राहिलं, तर त्या खेपेचं गुणोत्तर 3/10 होतं.)

आता सूत्र. पुस्तकात ‘न’ क्रमांकाचं पद = पहिलं पद × गुणोत्तराचा (न − 1) वा घात असं असतं. बहुतेकांची गाडी अडते ती या ‘वजा 1’पाशी. पहिलं पद 50 हे खळबळण्याआधीचं आहे, म्हणून तीनदा खळबळल्यावरचं पद चौथं. पदं मोजण्यापेक्षा खेपा मोजाव्यात, ते सोपं:

न खेपांनंतर उरलेला साबण = 50 × (1/5)^न

न = 0 घालून बघा, 50 यायलाच हवेत. न = 3 घातल्यावर 0.4 ग्रॅम.

आणि 24 लिटर एकदम घातलं तर? 50 × 2/26, म्हणजे जवळपास 3.85 ग्रॅम. पाणी तेवढंच, साबण मात्र साडेनऊपटीहून जास्त राहिला. 4-4 लिटर सहा वेळा घातलं तर गुणोत्तर 1/3 होऊन 0.07 ग्रॅमच उरेल, पण सहा वेळा पिळणार कोण? तीन खेपा पुरे.

हीच रीत एफडीला लावा. दरसाल 7 टक्के चक्रवाढ असेल तर गुणोत्तर 1.07, आणि 10,000 रुपयांचे 3 वर्षांनी 10,000 × 1.07^3, म्हणजे 12,250.43 रुपये. भिशीत मात्र तुमची जमा दरमहा ठरावीक रकमेने वाढते. तिथे भागाकार नाही, वजाबाकी करून बघायची.