कोल्हापुरात न्याय्य व्यापाराचे फुलांचे दुकान काढताना

न्याय्य व्यापाराचे, म्हणजे पिकवणाऱ्याला आणि राबणाऱ्याला वाजवी मोबदला देणारे, फुलांचे दुकान काढायचे ठरवले, की जागा आणि भांडवल यांच्याही आधी एका प्रश्नाचा निकाल लावावा: रात्री उरलेली फुले कोणाच्या नावावर पडणार? प्रचलित पद्धतीत शेतकरी अडत्याकडे माल टाकतो आणि अडत, हमाली, तोलाई व गाडीभाडे वजा होऊन पट्टीवर, म्हणजे अडत्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, जे उरेल तेवढे त्याचे असते. भाव फारच पडला तर पट्टी उलटी येते, म्हणजे फुले देऊन वर पैसे शेतकऱ्यानेच भरायचे. या तोट्याचा ठरलेला वाटा दुकानदार उचलणार नसेल, तर पाटीवर ‘न्याय्य’ हा शब्द लिहू नये.

केनियासारख्या देशांतून युरोपात जाणाऱ्या काही फुलांवर ‘फेअरट्रेड’ या न्याय्य व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची मोहर असते. त्या व्यवस्थेत फुलांना किमान भाव ठरवून दिलेला नसतो. विक्रीच्या रकमेवर १० टक्के अधिमूल्य, म्हणजे भावावरची जादा रक्कम, वेगळे दिले जाते आणि ते कशावर खर्चायचे हे कामगारांची समिती ठरवते. ही मोहर परवान्याशिवाय वापरता येत नाही. शिवाय आपल्याकडचा झेंडू पिकवणारा शेतकरी बहुधा स्वतःच मजूरही असतो, त्यामुळे त्याला अधिमूल्यापेक्षा किमान भावाचीच गरज जास्त आहे.

तो भाव ठरवण्यासाठी शेतावर जावे. सुरुवातीला चार-पाच शेतकरी पुरेत. गुलाब आणि जरबेरासाठी शिरोळ भागातील हरितगृहे जवळ पडतात. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडेही सुटेनासे झाले, की शेतकरी झेंडू तोडत नाही, उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवतो. म्हणून या दोन खर्चांत रोपे, खते, औषधे आणि घरच्या माणसांची मजुरी मिळवून जो आकडा येईल, त्याच्या खाली आपला भाव कधीही जाणार नाही, असे हंगामापूर्वी लिहून द्यावे. दसऱ्याला बाजार चढला, तर वाढीतला किती हिस्सा शेतकऱ्याचा, हेही त्याच कागदावर असावे. नाहीतर तो ऐन सणात माल दुसरीकडे नेईल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

खरी कुरबूर काट्यावर होते. पावसात तोडलेला झेंडू पाणी धरतो, आणि घेणारा अंदाजाने किलोमागे सूट कापतो. त्याऐवजी माल तासभर बारदानावर पसरून निथळू द्यावा आणि शेतकऱ्यासमोर तोलावा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. ते प्रमाणपत्र काट्याशेजारीच लावावे.

गजरे ओवणाऱ्या बायकांचा हिशेब या धंद्यात सर्वांत शेवटी होतो. नगावर दर देण्यापूर्वी घड्याळ लावून त्यांच्याजवळ बसावे: केळीचे भिजवलेले सोपट, त्यावर समोरासमोर ठेवलेल्या मोगऱ्याच्या कळ्या, एक वेढा, एक गाठ. तासाला किती गजरे होतात हे मोजून दर असा बांधावा, की दिवसाची कमाई किमान वेतनाखाली जाणार नाही. मी पहिल्यांदा असे मोजले, तेव्हा स्वतःचाच दर मला लाजिरवाणा वाटला.

गिऱ्हाइकाचे वेळापत्रक देव ठरवतात. अंबाबाईला मंगळवारी व शुक्रवारी गर्दी असते, जोतिबाला रविवारी. चैत्र यात्रेत दवणा लागतो, आणि नवरात्रात सारेच कमी पडते, तर त्याआधीच्या पितृपक्षात लग्ने नसल्याने बुके आणि सजावट थंडावते. महाद्वार रोडवर सुटा माल आणि हार खपतात. बुके विकायचे तर राजारामपुरीचा विचार करावा. रोजच्या पूजेची फुले घरपोच देण्याची महिन्याची वर्गणी घेतली, तर किती माल उचलायचा हे आदल्या रात्रीच कळते आणि उरणारी फुले निम्म्यावर येऊ शकतात.

उरलेले नुकसान साठवणुकीत होते. गुलाबाला २ ते ४ अंश तापमान मानवते. दांडा तिरका कापावा, पाण्यात बुडणारी पाने काढावीत, जरबेऱ्याला पाणी उथळ ठेवावे आणि पिकलेली केळी फुलांजवळ ठेवू नयेत, कारण त्यांच्या वायूने पाकळ्या गळतात.

कागदपत्रांचा बाऊ करू नये. लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत होते, मोजके कामगार असलेल्या दुकानाला दुकान कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की भागते, ताज्या फुलांवर जीएसटी नाही, आणि ५०,००० रुपयांपर्यंतच्या भांडवलासाठी मुद्रा योजनेतील शिशु कर्ज मागता येते.

हिशेबाच्या वहीत मात्र ‘शिल्लक’ असा वेगळा रकाना हवा. रात्री उरलेली फुले तोलून तिथे वजन लिहावे, झेंडूच्या पाकळ्या वाळत घालाव्यात, बाकीचे खताच्या खड्ड्यात टाकावे, आणि महिन्याअखेरीस ते पान शेतकऱ्यांना दाखवून पुढच्या महिन्याची मागणी कमी-जास्त करावी.