पितळी पट्टीत ड्रिल बिट अडकायचं, त्यावर सापडलेला उपाय

सागवानी पेटीच्या कोपऱ्यांना 6 मिमी जाडीची पितळी पट्टी लावायची होती. सुतारकामाच्या हत्यारांनी पितळ छान कापतं. टेबल सॉला (टेबलात बसवलेल्या गोल करवतीला) कार्बाइड म्हणजे खूप कठीण धातूच्या दातांचं पातं हवं, पट्टी घट्ट आवळलेली हवी आणि डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा. उडणारा कीस तापलेला असतो, म्हणून आधी लाकडाचा भुसा झाडून काढायचा.

खरा त्रास भोकांचा. बिट आरपार निघता निघता पितळात घुसायचं आणि पट्टी गर्रकन फिरायला बघायची. कारण बिटच्या धारेतच आहे. साध्या ट्विस्ट बिटची (नेहमीच्या पिळदार ड्रिल बिटची) धार पुढे झुकलेली असते. पोलादात ते बरं, पण पितळात ती स्वतःच आत ओढली जाते.

मी बारीक डायमंड स्टोन (धार लावायचा हिऱ्याच्या कणांचा दगड) बिटच्या लांबीला समांतर धरला आणि दोन्ही धारांच्या पुढच्या अंगावर हलकेच फिरवला. केसाएवढी चपटी, चमकती रेघ दिसली की पुरे! आता बिट ओढत नाही, खरवडतं. खाली लाकडाचा ठोकळा आणि वर दोन क्लॅम्प मात्र हवेतच. अशी बिटं वेगळ्या डबीत ठेवली आहेत, पोलादाला ती चालत नाहीत.

कडांसाठी कानस नवी घ्या. पोलादावर झिजलेली कानस पितळावरून नुसती घसरते. मग 220 आणि 400 नंबरचा पॉलिश पेपर. सहज कापल्या जाणाऱ्या पितळात थोडं शिसं असतं, त्यामुळे घासताना मास्क लावा आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा.