ते छोटं समुद्रफूल ब्लेडने खरवडू नका

घरी समुद्री प्रवाळाची, म्हणजे कोरलची टाकी ठेवणाऱ्यांसाठी हे लिहिते. टाकी सायकल करणं (नव्या टाकीत उपयोगी जिवाणू जमू देणं), खारटपणा हजारी ३५ वर धरणं हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालते. रॉकवर (टाकीतल्या समुद्री दगडावर) किंवा फ्रॅगच्या (कोरलच्या आणलेल्या छोट्या तुकड्याच्या) बुडाला चिकटून न बोलावता जे पाहुणे येतात त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, पण एकाला हात लावायच्या आधी थांबाच, तो म्हणजे एप्टेशिया, भराभर पसरणारं छोटं समुद्रफूल.

मी रत्नागिरीत राहते, घरी तीन फुटी टाकी आहे. पहिला रॉक मुंबईहून रातराणीने थर्माकोलच्या खोक्यात आला आणि तिसऱ्या आठवड्यात एका भोकातून काडीएवढं, तपकिरी, काचेसारखं आरपार दिसणारं फूल वर आलं. मला इतका आनंद झाला की आईला हाक मारून दाखवलं. पंधरा दिवसांत त्याची चार झाली आणि शेजारचे झोआंथिड (फुलांच्या गुच्छासारखे दिसणारे कोरलसारखे जीव) मिटून बसायला लागले, तेव्हा एका जुन्या टाकीवाल्या दादांना विचारलं, ते म्हणाले ब्लेडने खरवडून टाक, एवढं काय त्यात. खरवडलं. महिन्याभराने मोजली तर तीसच्या वर होती, पंपाच्या जाळीत, मागच्या काचेवर, सगळीकडे. त्या रात्री मी टाकीसमोर बसून रडले.

हे का होतं ते नीट समजून घ्या. एप्टेशियाच्या पायाचा बारीक तुकडा जरी दगडावर राहिला तरी त्यातून नवीन अख्खं तयार होतं. परसातली केळ वरून तोडली तरी कंदातून परत फुटते ना, तसंच. त्यात पंप चालू असला तर सुटलेले तुकडे टाकीभर फिरतात. म्हणजे ब्लेड, चिमटा, टूथब्रश, काहीच नको. तुम्ही काढत नसता, पेरत असता.

ओळखायचं कसं? मधोमध तोंड, भोवती लांब, गुळगुळीत, टोकाला निमुळत्या होत गेलेल्या शुंडा (सोंडेसारखे धागे), आणि पिपेटने जरा डिवचलं की क्षणात भोकात गायब. फेदर डस्टर नावाचा नळीत राहणारा किडा पण असाच झटकन आत जातो म्हणून लोक घाबरून त्यालाही मारतात, पण त्याचा मुकुट पिसासारखा असतो आणि आत गेला तरी त्याची नळी बाहेर दिसत राहते, त्या बिचाऱ्याला राहू द्या. शुंडा आखूड आणि टोकाला फुगीर असतील तर तो माजानो, म्हणजे दुसऱ्या जातीचं समुद्रफूल, पण तोही पसरतो, सोडू नका.

उपाय म्हणाल तर पंप बंद करायचे, मेडिकलमधून इन्सुलिनची सिरिंज आणायची, काल्कवासरची (टाकीसाठी मिळणाऱ्या चुन्याच्या पावडरची) दाट पेस्ट हळूच तोंडावर सोडायची आणि पंधरा-वीस मिनिटं पाणी हलू द्यायचं नाही. एका दिवशी चार-पाचच, नाहीतर पीएच उसळतो. पानाच्या टपरीवरचा चुना वापरा असं कोणीतरी सांगेलच. दोन्ही कॅल्शियम हायड्रॉक्साईडच हे खरं, पण खायच्या चुन्यात आणखी काय मिसळलंय ते आपल्याला कळत नाही, माझ्या मते दोन पैसे वाचवायला कोरल पणाला लावू नये.

पेपरमिंट झिंगा एप्टेशिया खातो, पण घेताना स्वतः बघून घ्या. मला एका दुकानदाराने त्याच्या नावाखाली कॅमल झिंगा दिला, पाठीला उंच कुबड आणि अंगावर ठळक पांढऱ्या रेघा, आणि त्याने एप्टेशिया सोडून माझेच झोआंथिड कुरतडले. दुकानदार काय किंवा वीस वर्षं टाकी ठेवणारे दादा काय, त्यांच्या शब्दापेक्षा स्वतः काढलेल्या जवळच्या फोटोवर विश्वास ठेवा.

बाकीच्यांबद्दल उगाच झोप उडवून घेऊ नका. ब्रिसल वर्म, म्हणजे काटेरी केसांचा किडा दिसला की सगळे किंचाळतात, पण तो उरलंसुरलं खाऊन टाकी साफ ठेवतो, फक्त उघड्या हाताने धरू नका, काटे रुततात. रात्री लाईट गेल्यावर लाल टॉर्च घेऊन बसा, खरी वस्ती तेव्हाच दिसते. केसाळ आणि काळ्या नांग्यांचा खेकडा दिसला तर बाहेर काढा. टाकीतून टक टक आवाज येत असेल तर पिस्तूल झिंगाही असू शकतो, लगेच मांटिस (झिंग्यासारखा दिसणारा शिकारी प्राणी) समजून रॉक फोडायला जाऊ नका.

आणि एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. किडे मारायला रॉक उकळायचा नाही, कधीच नाही. झोआंथिडमध्ये पॅलीटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं, ते वाफेतून छातीत गेलं तर जिवावर बेततं. तसंच मालवणला फिरायला गेलात म्हणून तिथलं प्रवाळ पिशवीत घालून आणायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने दगडी प्रवाळाला संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी ते आपल्या समुद्राचं आहे.

आता नवीन फ्रॅग आला की आधी डिप करते (किडे मारणाऱ्या द्रावणात बुडवून काढते), मग महिनाभर वेगळ्या छोट्या टाकीत ठेवते, फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो त्या प्लगचं बूड भिंगाने बघते. मोठ्या टाकीत अजून दोन एप्टेशिया आहेत, ओव्हरफ्लोच्या पाईपामागे, सिरिंज पोचत नाही तिथे. झोआंथिड मात्र परत उघडायला लागलेत, आज सकाळी अकरा तोंडं मोजली.