बीट चावा, दातावरचा चिकट थर कुठं राहिलाय ते दिसतं

रोज दोन वेळा ब्रश करून पण हिरड्यांतून रक्त येतं, तोंडाला वास येतो, कारण प्लाक म्हणजे जंतूंचा चिकट थर दाताच्याच रंगाचा असतो आणि आरशात दिसतच नाही. आमच्या साताऱ्यात कंदी पेढे खाऊन तसंच झोपणारी पोरं घरोघरी आहेत, त्यांच्यासाठी तर हे नक्की करा.

१. रात्री ब्रश झाल्यावर कच्च्या बिटाची एक फोड अर्धा मिनिट सगळ्या दातांनी नीट चावा.
२. साध्या पाण्याने एकदाच हलकी चूळ भरा.
३. उजेडात आरसा धरून बघा, जिथं गुलाबी रंग चिकटून राहिलाय तिथं प्लाक आहे. बहुतेक वेळा हिरडीच्या कडेला, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि शेवटच्या दाढांपाशी सापडतो.
४. आता सॉफ्ट ब्रश हिरडीकडे तिरका, साधारण ४५ अंशात धरून तेवढ्याच जागी हळू गोल फिरवा, रंग गेला की झालं. दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथं फ्लॉस म्हणजे फटी साफ करायचा बारीक दोरा लागतो.

आठवड्यातनं एकदा बास, पोरं तर रंग बघून स्वतःच घासायला लागतात.

एक मात्र सांभाळा, थर कडक पिवळा झाला असेल तर तो टार्टर, तो ब्रशने निघत नाही, पिन किंवा सुईने खरवडू नका आणि मिश्री तर अजिबात लावू नका, त्यात तंबाखू असतो. डेंटिस्टकडून स्केलिंग म्हणजे दातांची सफाई करून घ्या.