सूक्ष्मरचित फायबरमधील ब्रिलुआँ प्रकीर्णन: शिखर कसे ओळखावे

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातून मराठी माध्यमात शिकून एम.एस्सी.ला आलेल्या विद्यार्थ्यांना मी आग्रहाने सांगतो, की ब्रिलुआँ प्रकीर्णनाचा, म्हणजे काचेतल्या ध्वनितरंगांवरून विखुरणाऱ्या प्रकाशाचा, स्पेक्ट्रम पाहण्यापूर्वी त्यातल्या शिखराची अपेक्षित वारंवारता स्वतः कागदावर काढावी. फायबरची, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक तंतूंची, प्रयोगशाळा जवळपास नसली तरी एवढे काम घरी बसून होते.

उष्णतेमुळे काचेत ध्वनितरंग सतत उमटत असतात. त्यांच्यामुळे घनता, आणि तिच्याबरोबर अपवर्तनांक, कमीजास्त होतो. अशा सरकत्या पट्ट्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता डॉप्लर परिणामाने बदलते. लेओं ब्रिलुआँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये हे सैद्धांतिकदृष्ट्या मांडले.

प्रथम साध्या फायबरचा हिशेब करावा. अपवर्तनांक १.४५ आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ५९६० मीटर यांच्या गुणाकाराची दुप्पट करून तिला १५५० नॅनोमीटर या तरंगलांबीने भागले, की मागे परतणाऱ्या प्रकाशाच्या वारंवारतेतला बदल सुमारे ११ गिगाहर्ट्झ येतो. संबंधित ध्वनितरंगाची लांबी मात्र अवघी ०.५३ मायक्रॉन असते, आणि सूक्ष्मरचित फायबरचा सारा विषय याच आकड्यापाशी सुरू होतो.

सूक्ष्मरचित, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी हवेची छिद्रे असलेल्या, फायबरचा गाभा एक-दोन मायक्रॉनचा असेल, तर तो ध्वनितरंगाच्या लांबीच्या तोडीचा ठरतो. छिद्रांमुळे ध्वनी गाभ्यात अडकतो, दाबाचे आणि कातरीचे (आडवे सरकण्याचे) कंपन एकमेकांत मिसळते, आणि एका शिखराऐवजी अनेक शिखरे दिसतात. प्रकाशाचा काही भाग छिद्रांत पसरत असल्याने सूत्रात काचेचा नव्हे, तर त्याहून कमी असलेला परिणामी अपवर्तनांक, म्हणजे काच आणि हवा मिळून प्रकाशाला जाणवणारा अपवर्तनांक, घ्यावा. माझ्या अनुभवात सर्वाधिक चुका इथेच होतात. पुढच्या दिशेने होणारे प्रकीर्णन वेगळे मोजावे, कारण त्यात ध्वनी गाभ्यात आडवा थरथरतो आणि वारंवारता सुमारे दोन गिगाहर्ट्झपर्यंत उतरते.

११ गिगाहर्ट्झ म्हणजे तरंगलांबीत जेमतेम ०.०९ नॅनोमीटरचा फरक. म्हणून परतलेला प्रकाश सर्क्युलेटरने (परतणारा प्रकाश वेगळ्या वाटेने वळवणाऱ्या उपकरणाने) वेगळा काढून मूळ लेसरच्या थोड्या प्रकाशात मिसळावा आणि फोटोडिटेक्टरवर उमटणारी ठोक्यांची वारंवारता, म्हणजे दोन्ही प्रकाशांच्या वारंवारतेतला फरक, इलेक्ट्रिकल स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर वाचावी. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे फायबरच्या टोकात कधीही डोकावू नये.

प्रत्येक नोंदीशेजारी तापमान लिहावे. दर अंशाला शिखर साधारण एक मेगाहर्ट्झ सरकते, आणि एप्रिलमध्ये बेळगावची पहाट व दुपार यांत दहा अंशांहून अधिक अंतर असते.