गल्फूडला अमेरिकन माल नेताना : तयारीची यादी

दुबईच्या गल्फूड या खाद्यपदार्थांच्या व्यापारी प्रदर्शनात स्टॉल घ्यायचं ठरलं की लहान अमेरिकन कंपन्या आधी बॅनर करायला घेतात. त्याआधी लेबल हातात घ्या. खरेदीदार चव घेतो आणि लगेच बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचतो. तिथे काही खटकलं तर चव कितीही आवडली तरी बोलणी पुढे सरकत नाहीत.

घटकांची यादी ओळीओळीने तपासा. डुकराचं मांस नाही म्हणजे माल हलाल, असं धरून चालू नका. मार्शमॅलोतलं जिलेटिन कोणत्या प्राण्याचं, चीजमधलं रेनेट (दूध गोठवणारं विरजण) कुठून आलेलं, बेकरीच्या मालातलं इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक) प्राणिज चरबीचं की वनस्पती तेलाचं, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. हमखास विसरतं ते व्हॅनिला. अमेरिकन नियमानुसार व्हॅनिला एक्स्ट्रॅक्टमध्ये किमान 35 टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे कुकीसारख्या निरुपद्रवी मालावरही प्रश्न येतो. बर्बन व्हिस्की घातलेला बार्बेक्यू सॉस नेऊच नका. मांस आणि मांसाच्या पदार्थांना हलाल प्रमाणपत्र लागतंच, आणि ते देणारी अमेरिकेतली संस्था अमिरातीने मान्य केलेली असावी लागते. रेनेट सूक्ष्मजीवांपासून केलेलं असेल तर ते ठळक लिहा. दुबईतल्या वितरकांकडे आणि हॉटेलांत खरेदीचं काम पाहणारे भारतीय पुष्कळ आहेत, आणि 'शाकाहारी आहे का?' हा प्रश्न ते विचारणारच.

तारखांवर अधिक वेळ द्या, कारण माल बऱ्याचदा अडतो तो इथेच. उत्पादनाची आणि मुदत संपण्याची अशा दोन्ही तारखा मूळ पाकिटावरच पक्क्या शाईत हव्यात. मजकुराचं अरबी स्टिकर चालतं, तारखेचं चालत नाही. अमेरिकेत बहुधा 'बेस्ट बाय' ही एकच तारीख छापतात, तीही महिना आधी लिहून. मग 03/04 म्हणजे 4 मार्च की 3 एप्रिल, हा घोळ गोदामात होतो. कारखान्यातल्या तारीख छापणाऱ्या कोडिंग मशीनची सेटिंग बदलून प्रदर्शनापुरती बॅच वेगळी काढा आणि हे काम तीन-चार महिने आधी उरका.

पैशाचं म्हणाल तर अमेरिकेच्या कृषी खात्याचा मार्केट ॲक्सेस प्रोग्रॅम आहे. लहान कंपन्यांसाठी तो प्रादेशिक संस्थांमार्फत चालतो : फूड एक्स्पोर्टच्या मिडवेस्ट आणि नॉर्थईस्ट अशा दोन, दक्षिणेसाठी सस्टा, पश्चिमेसाठी वुसाटा. पात्र लहान कंपनीला मान्य खर्चाचा 50 टक्के परतावा मिळतो. मालात किमान निम्मा शेतीमाल अमेरिकन असावा लागतो आणि पाकिटावर अमेरिकन उगम छापलेला लागतो. मंजुरी खर्चाच्या आधी घ्या. विमानाचं तिकीट अमेरिकन विमान कंपनीचं किंवा तिच्या कोडशेअरचं (तिच्या क्रमांकावर दुसऱ्या कंपनीने चालवलेल्या उड्डाणाचं) काढा. केवळ स्वस्त म्हणून दुसऱ्या कंपनीचं काढलं तर त्या तिकिटाचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

नमुन्यांचा हिशेब वजनात करा. एक घास 20 ग्रॅमचा, दिवसाला 200 जण, दिवस 5 : म्हणजे 20 किलो. सांडलवंड आणि वितळणं धरून वर पाचेक किलो. खरेदीदाराला द्यायची बंद पाकिटं यात धरू नका. उपकरणं एटीए कार्नेवर (माल तात्पुरता, जकात न भरता नेऊन परत आणण्याच्या कागदावर) नेता येतात, पण खाऊन संपणारा माल त्यात बसत नाही. तो प्रदर्शनाच्या अधिकृत फ्रेट एजंटकडून वेगळा पाठवा. 'फुकट नमुने' म्हणून बिलावर शून्य किंमत लिहू नका, कस्टम्सला खरी किंमत लागते.

ब्लेंडर, वॉफलयंत्र, हॉटप्लेट अमेरिकेहून नेण्याचा मोह टाळा. तिकडे 120 व्होल्ट, दुबईत 230 आणि ब्रिटिश पद्धतीची तीन पिनांची सॉकेटं. नुसत्या प्लग-अडॅप्टरने व्होल्टेज बदलत नाही, पहिल्याच दिवशी यंत्र जळतं. तिथलंच भाड्याने घ्या. फ्रिज लागणार असेल तर 24 तास चालू राहणारी वीज वेगळी मागा, कारण रात्री हॉलची वीज बंद करतात. थंड पदार्थ 5 अंशांखाली, गरम 60 च्या वर, आणि थर्मामीटर स्टॉलवर हवाच.

शेफचं प्रात्यक्षिक ठेवायचं असेल तर पाककृती कप-औंसांत देऊ नका, ग्रॅम आणि सेल्सिअसमध्ये उतरवा. आदल्या दिवशी त्याच स्वयंपाकघरात, दुबईत मिळणारं दूध-पीठ वापरून एकदा करून पाहा. लोण्यातल्या किंवा पिठातल्या फरकामुळे पदार्थ बिघडायचा असेल तर तो तेव्हाच कळेल. सॉस नुसता चमच्याने चाखायला दिला तर फक्त तिखट-आंबट लागतो. त्याच्याबरोबर गरम खुबूसचा (अरबी रोटीचा) तुकडा किंवा भाजलेली कोंबडी द्या. दहा पदार्थांपेक्षा दोनच करा, म्हणजे शेफच्या लक्षात राहतात.

दरपत्रक दुबईच्या जेबेल अली बंदरापर्यंतच्या भाड्या-विम्यासह, प्रति कार्टन तयार ठेवा. 20 फुटी कंटेनरमध्ये किती कार्टन बसतात आणि मिश्र माल मिळेल का, हे लगेच सांगता आलं पाहिजे. संपूर्ण आखातासाठी एकमेव वितरक नेमण्याचं स्टॉलवर कबूल करू नका, नोंदवलेली एजन्सी मोडणं फार जड जातं. 2026 मध्ये प्रदर्शन वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि एक्स्पो सिटी अशा दोन ठिकाणी विभागलं गेलं, म्हणून भेट ठरवताना ठिकाण आणि हॉल क्रमांक दोन्ही लिहून कळवा. प्रत्येक व्हिजिटिंग कार्डामागे कोणता माल, किती कार्टन, कधीपर्यंत हे त्याच वेळी लिहा. स्टॉलचे फोटो, बोर्डिंग पास आणि पैसे भरल्याच्या पावत्या एका पाकिटात जमा करत राहा, परताव्याच्या अर्जाला त्याच लागतात.