निवृत्तीसाठी कॅनडातील बचावात्मक शेअर कसे निवडावेत

मंदीत माणूस नवी गाडी घेणे पुढे ढकलतो, पण विजेचे आणि फोनचे बिल भरतोच. वीज, गॅस, पाइपलाइन व दूरसंचार या क्षेत्रांतील शेअर याच कारणाने बचावात्मक मानले जातात. कॅनडात मात्र या कंपन्यांची कमाई मोठ्या प्रमाणात नियामक संस्थांच्या निर्णयांवर अवलंबून असते. म्हणून लाभांशाचा दर पाहण्याआधी त्यामागे कोणाचा निर्णय आहे हे शोधावे.

पायरी 1: किती उत्पन्न कमी पडते ते मोजा

ओल्ड एज सिक्युरिटी हे सरकारी निवृत्तिवेतन पूर्ण मिळण्यासाठी वयाच्या अठराव्या वर्षानंतर कॅनडात 40 वर्षे वास्तव्य लागते. पस्तिसाव्या वर्षी भारतातून गेलेल्या व्यक्तीची पासष्टीपर्यंत 30 वर्षे भरतात, म्हणजे त्या वयात सुरुवात केल्यास तिला तीन चतुर्थांश रक्कम मिळते. त्यात कॅनडा पेन्शन प्लॅन या नोकरीत भरलेल्या वर्गणीवर मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाची रक्कम मिळवून जी तूट उरते, तेवढीच लाभांशातून भरायची असते. ती न मोजता खरेदीला निघणारे सहसा सर्वाधिक लाभांश देणाऱ्या, म्हणजे बहुधा सर्वात अडचणीतल्या, कंपनीपाशी पोहोचतात.

पायरी 2: नियामक कोण आणि मालक कोण, हे पाहा

वीज कंपनीने वाहिन्या व उपकेंद्रांत गुंतवलेल्या भांडवलावर भागधारकांना किती टक्के परतावा मिळावा, हे ऑन्टारियो प्रांतात ऑन्टारियो एनर्जी बोर्ड आणि अल्बर्टात अल्बर्टा युटिलिटीज कमिशन ठरवते. त्यामुळे नफा एकदम फुगत नाही, पण मंजूर झालेल्या प्रत्येक नव्या प्रकल्पाबरोबर तो हळूहळू वाढत राहतो. निवृत्त माणसाला सोयीची हीच चाल आहे.

जोखीमही त्याच जागी असते. हायड्रो वन या ऑन्टारियोतील वीज कंपनीची जवळजवळ निम्मी मालकी ऑन्टारियो सरकारकडे आहे. 2018 मध्ये डग फोर्ड यांचे सरकार सत्तेवर येताच कंपनीचे मुख्याधिकारी आणि संपूर्ण संचालक मंडळ पायउतार झाले. हा राजकीय हस्तक्षेप पाहून अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या नियामकाने अव्हिस्टा ही तिथली वीज-गॅस कंपनी हायड्रो वनला विकत घेऊ दिली नाही आणि हायड्रो वनला 10 कोटी 30 लाख अमेरिकी डॉलर भरपाई द्यावी लागली. ग्राहक मात्र या सगळ्या काळात वीजबिल भरतच होते.

याउलट फोर्टिस या वीज-गॅस कंपनीचा व्यवसाय कॅनडाचे अनेक प्रांत, अमेरिकेतील राज्ये आणि कॅरिबियन बेटे यांत विभागलेला असल्यामुळे एका नियामकाने हात आखडता घेतला तरी सगळी कमाई अडत नाही. या कंपनीने 2023 मध्ये सलग पन्नासाव्या वर्षी लाभांश वाढवला. एकाच प्रांतातील दोन वीज कंपन्या घेण्यापेक्षा असा एक शेअर मला अधिक सुरक्षित वाटतो.

केवळ करसवलतीवर उभा असलेला लाभांश तर टाळावाच. कर लावणार नाही असे निवडणुकीत सांगणाऱ्या सरकारचे अर्थमंत्री जिम फ्लाहर्टी यांनी 31 ऑक्टोबर 2006 रोजी इन्कम ट्रस्टवर, म्हणजे कंपनी-कर न भरता बहुतेक कमाई गुंतवणूकदारांना वाटणाऱ्या संस्थांवर, कर जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी या ट्रस्टचे भाव कोसळले.

पायरी 3: लाभांश रोकडीशी ताडून पाहा

भांडवली खर्च वजा जाता हातात राहणारी रोकड लाभांशाला पुरते का, हे वार्षिक अहवालात तपासावे. बीसीई ही दूरसंचार कंपनी अशा रोकडीपेक्षा जास्त लाभांश वाटत होती. मे 2025 मध्ये तिने वार्षिक लाभांश 3.99 डॉलरवरून 1.75 डॉलरवर आणला. कर्जाचा व्याजदर स्थिर आहे की बदलता, हेही पाहावे. बँक ऑफ कॅनडाचा धोरण दर 2022 च्या सुरुवातीच्या 0.25 टक्क्यांवरून जुलै 2023 पर्यंत 5 टक्क्यांवर गेला. बदलत्या व्याजाच्या कर्जाचा भार वाढलेल्या अल्गोंक्विन पॉवर या वीज कंपनीने त्या चढत्या काळात, जानेवारी 2023 मध्ये, लाभांश 40 टक्क्यांनी कमी केला.

पायरी 4: शेअर कोणत्या खात्यात ठेवायचे ते ठरवा

आरआरएसपी हे निवृत्तीसाठीचे बचत खाते 71 वर्षे पूर्ण होतात त्या वर्षअखेर बंद करावे लागते आणि बहुतेक लोक ते आरआरआयएफ या रक्कम काढत राहण्याच्या खात्यात बदलतात. त्यानंतरच्या वर्षी किमान 5.28 टक्के रक्कम काढावीच लागते आणि हे प्रमाण दरवर्षी वाढत जाते. चांगल्या वीज कंपनीचा लाभांश सहसा इतका नसतो. म्हणून पडत्या बाजारात शेअर विकावे लागू नयेत यासाठी दोनेक वर्षांच्या उचलीइतकी रक्कम मुदत ठेवीत असावी.

साध्या करपात्र खात्यात कॅनडातील कंपन्यांच्या पात्र लाभांशावर करसवलत मिळते. पण 100 डॉलरचा लाभांश उत्पन्नात 138 डॉलर म्हणून धरला जातो. ठरावीक मर्यादेच्या (2025 मध्ये 93,454 डॉलर) वरच्या उत्पन्नामागे ओल्ड एज सिक्युरिटीतून 15 टक्के परत घेतले जातात, आणि ती मर्यादा ओलांडायला हा फुगवलेला आकडा कारण ठरू शकतो. ज्यांचे उत्पन्न या मर्यादेजवळ आहे, अशांनी हे शेअर शक्य तितके टीएफएसए या करमुक्त बचत खात्यात ठेवावेत.

निवृत्तीनंतर पुण्या-नाशिकला परतण्याचा विचार असेल, तर हिशोब बदलतो. अनिवासी व्यक्तीच्या लाभांशातून भारत-कॅनडा करारानुसार 25 टक्क्यांपर्यंत कर कापला जाऊ शकतो. टीएफएसएची करमुक्ती भारतात लागू होत नाही आणि अनिवासी असताना त्यात भरलेल्या रकमेवर दरमहा 1 टक्का दंडकर लागतो. ओल्ड एज सिक्युरिटी भारतात राहून कायम मिळण्यासाठी साधारणपणे कॅनडातील 20 वर्षांचे वास्तव्य आवश्यक असते. परतण्याची तारीख ठरवण्यापूर्वी दोन्ही देशांचे करनियम जाणणाऱ्या सल्लागाराकडून ही आकडेमोड करून घ्यावी.